पंचाहत्तर किलोंचा माणूस

पेडणे तालुक्यात रस्त्याला लागून आमचं दुकान आहे. गोव्यात अशा दुकानाला पोसरो म्हणतात. तांदूळ, साखर, काडेपेट्या, सुकी मासळी, चतुर्थीच्या दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या चौकटीचं, थोडंफार सामान. बाबा माल तोलतात तेव्हा काटा मध्ये आला तरी त्यांचा हात थांबत नाही. वरून चिमूटभर साखर, चार मिरच्या, एखादा लहानसा कांदा पारड्यात पडतोच. इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आता सहा वर्षं झाली, तरी सवय तीच. आकडा बरोबर आला की ते तो बघतात आणि मग वर थोडं घालतात.

मी त्या घरातली मुलगी. आणि नोकरी अशी लागली की आकडा बरोबर आला की हात आखडायचा.

विमानात किती वजन चढलं, ते कुठे ठेवलं आणि त्यामुळे विमानाचा तोल नेमका कुठे आला, याचा हिशेब करून कॅप्टनच्या हातात कागद द्यायचा, हे माझं काम. विमानतळावर त्याला लोड अँड ट्रिम म्हणतात. मोठ्या विमानांचं हे काम आता बरेच ठिकाणी दूर कुठेतरी बसून संगणकावर होतं. मी शिकले ती पंख्याची विमानं, एटीआर ७२. सत्तर-बहात्तर माणसांची. जिथे मोठं विमान उतरू शकत नाही किंवा उतरलं तर भरत नाही, अशा ठिकाणी जाणारी.

मोपाचा सडा, म्हणजे आमचा विमानतळ झाला ते पठार, आमच्या घरून दिसत नाही, पण विमानं दिसतात. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हा बाबा दुकान बंद करून बघायला गेले होते. आयुष्यात दुकान त्यांनी अंत्ययात्रेसाठी आणि गणपतीसाठीच बंद केलं असेल. विमानतळाबद्दल गावात दोन मतं होती, अजून आहेत. आमच्या लोडर लोकांचे मुकादम काका याच भागातले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला टॅक्सीवेच्या पलीकडचं गवत दाखवलं. म्हणाले, "हांगाच आशिल्ली आमची काजूबाग." इथेच होती. पुढे काही बोलले नाहीत, ट्रॉली ओढत निघून गेले. मी नंतरही विचारलं नाही.

नोकरी विमान कंपनीत नाही, विमानं हाताळणाऱ्या एका कंपनीत. मुलाखत पंधरा मिनिटांत झाली. बी. कॉम. आहे, हिंदी-इंग्रजी येतं, रात्रपाळीला घरचे हरकत घेणार नाहीत ना, एवढंच. खरा वेळ गेला तो पासात. विमानतळाच्या आत काम करायचं तर एअरपोर्ट एंट्री परमिट लागतं, आणि त्याआधी पोलीस पडताळणी, सुरक्षा प्रशिक्षण, त्याची परीक्षा. फॉर्मवर आधी कुठे कुठे राहिलात ते विचारतात. मी जन्मापासून एकाच घरात राहिले, त्यामुळे तो रकाना इतका रिकामा दिसायला लागला की मलाच संशयास्पद वाटलं. पास येईपर्यंत रोज सकाळी बाबा विचारायचे, "काय गो, आला?" जसं काही पोस्टमन विमानतळच घेऊन येणार होता.

मग धोकादायक मालाचा वर्ग झाला. पॉवर बँक पोटातल्या सामानात चालत नाही, गॅसची नळकांडी चालत नाहीत, हे ठीक. पण सुकं खोबरं? ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं, त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. घरी सांगितलं तर आई विळीवरून उठलीच नाही. "आता खोबरं पण बॉम्ब झालं?" तिच्या दृष्टीने मी ज्या संस्थेत शिकत होते तिची अब्रू त्या दिवशी गेली. आणि गंमत म्हणजे मला पुढे ज्या बेटाच्या विमानावर शिकायचं होतं, तिथे नारळाशिवाय धड काही पिकत नाही.

रॅम्पवरचे, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरचे, पहिले दोन महिने कागदाला हातच लावू दिला नाही. चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लाव, कोन ठेव, ट्रॉल्या मोज, बॅगांचे टॅग वाच. एप्रिलात सड्यावर सावली नावाची गोष्ट नसते. एटीआर उभं असतं तेव्हा कधी कधी त्याचं उजवं इंजिन चालूच असतं, पंखा मात्र ब्रेक लावून थांबवलेला. याला हॉटेल मोड म्हणतात. या विमानाला वीज आणि थंड हवा देणारं शेपटीतलं वेगळं छोटं इंजिन नसतं, म्हणून ही युक्ती. मला ते नाव फार आवडलं. बाहेर आम्ही भाजून निघतोय आणि विमान हॉटेलात आहे.

एटीआरमध्ये सगळं आपल्या अपेक्षेच्या उलटं असतं. माणसं मागच्या दाराने चढतात आणि सामान जास्त करून पुढे जातं, वैमानिकांच्या पाठीमागे. मागेही एक छोटी जागा आहे. माणसं मागून चढतात याचा अर्थ एखाद्या क्षणी पुढचं सामान अजून आलेलं नाही आणि तीस माणसं शेपटीकडे गर्दी करून उभी आहेत, असं होऊ शकतं. तेव्हा विमानाचं नाक वर उठून शेपूट खाली टेकू शकते. म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात, टेल प्रॉप. मुकादम काकांचा नियम असा की तो दांडा लावल्याशिवाय मागच्या शिडीवर पाय ठेवायचा नाही, मग मागून कॅप्टन बोंबलत का असेना. सामान भरताना आधी पुढचं, उतरवताना पुढचं शेवटी. हे मला वर्गात शिकवण्याआधी काकांनी शिकवलं. वर्गात त्याला आलेख होता, काकांकडे दांडा होता.

वर्ग आठवडाभर चालला. शिकवणारे सर निवृत्तीला आलेले, पूर्वी मोठ्या विमानांवर काम केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकची फूटपट्टी बोटावर आडवी ठेवली आणि तिच्यावर दोन बाजूंना एकेक रुपयाची नाणी ठेवत गेले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन, पण दोन जास्त लांब. पट्टी स्थिर. "वजन किती यापेक्षा ते बोटापासून किती लांब, यावर खेळ आहे." मग फळ्यावर विमान. रिकामं विमान, कर्मचारी आणि त्यांचं सामान धरून साधारण साडेतेरा टन. सत्तर प्रवासी आणि त्यांच्या बॅगा मिळून सव्वासहा टनांच्या वर. इंधनाच्या टाक्यांत पाच टन मावतं. बेरीज करा म्हणाले. पावणेपंचवीस टनांच्या वर जाते. आणि हे विमान उडताना जास्तीत जास्त तेवीस टनांचं असू शकतं. म्हणजे सगळ्या खुर्च्या भरून, सगळ्या बॅगा भरून, टाक्याही काठोकाठ भरून हे विमान कधीच उडत नाही. काहीतरी मागे ठेवावंच लागतं. माणसं, सामान की इंधन, हा रोजचा प्रश्न.

प्रवाशांना एकेकाला तोलत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. नियमात ठरलेलं वजन आहे: मोठा माणूस ७५ किलो, हातातल्या पिशवीसकट. दोन ते बारा वर्षांचं मूल ३५. त्याहून लहान बाळ १०. कर्मचारी ८५. मी हात वर करून विचारलं, की आमच्या गावचे भजनी मंडळाचे पेटीवाले काका एकटेच शंभरच्या वर आहेत, त्यांचं काय? सर म्हणाले, "आणि तुझं काय? तू पन्नासची असशील. तुम्ही दोघं शेजारी बसलात की हिशेब जमला." वर्ग हसला. पण मला ते दिवसभर पुरलं नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक आलं आणि बाबा म्हणाले, प्रत्येकाला पाऊण किलोच तांदूळ, सरासरी तेवढाच खपतो, तर? हा प्रश्न मी सरांना विचारला नाही.

सरावाच्या पत्रकात मी जी चूक केली ती अजून माझ्या वहीत लाल पेनात आहे. बॅगा पुढे किती, मागे किती हे नीट मांडलं, बेरीज बरोबर, वजन मर्यादेत. आणि शेवटी तोलाचा बिंदू आलेखाच्या चौकटीबाहेर गेला. मी घाबरून तो आत ओढण्यासाठी पुढच्या सामानाच्या आकड्यात खाडाखोड केली. म्हणजे कागद दुरुस्त केला, विमान नाही. सरांनी ते पाहिलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "कागदावर बॅग पुढे सरकवलीस. ट्रॉलीवर कोण सरकवणार?" कारण शोधलं तर मी शेवटच्या रांगांतले बारा प्रवासी दोनदा मोजले होते. त्या दिवसापासून माणसं मोजताना मी ओठ हलवते. सगळे हसतात, हसू देत.

परीक्षा झाली, पास झाले. तरी लगेच सही करता येत नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली पत्रकं करायची, त्यावर त्यांची सही, आणि ती पुरेशी झाल्यावर मग आपली. मी ज्यांच्या हाताखाली होते त्या सातारच्या. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. त्या फार कमी बोलतात आणि पेन कानावर ठेवतात.

इथे थोडं विषयांतर करते, कारण घरी सगळे विचारतात की एवढ्या लहान विमानांचं कौतुक काय. सरकारने २०१६ मध्ये उडान योजना आणली. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. ज्या मार्गावर एरवी कोणी विमान घालणार नाही, तिथे काही खुर्च्या ठरलेल्या कमी भाड्यात द्यायच्या आणि कंपनीचा तोटा सरकारने काही वर्षं भरून द्यायचा, असा तो व्यवहार. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी मर्यादा होती. त्यातूनच छोट्या गावांना जोडणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, काही बुडाल्याही. गोव्याचीच म्हणता येईल अशी एक कंपनी, फ्लाय९१, मार्च २०२४ मध्ये उडाली. ९१ म्हणजे आपल्या देशाचा टेलिफोन क्रमांक. तिला मिळालेला सांकेतिक कोड आयसी, जो पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता. बाबांना हे ऐकून उगाच बरं वाटलं, जुन्या दुकानाच्या फळीवर नवीन माल ठेवल्यासारखं. माझे मामा मात्र वेंगुर्ल्याचे. त्यांचं चिपी विमानतळ आमच्याआधी झालं, ९ ऑक्टोबर २०२१ ला. ते प्रत्येक लग्नात मला ऐकवतात, "विमानतळ आधी आमचा, विमानां मात्र तुमच्याकडे." मी काय करू? मी फक्त वजन करते.

मला शिकायला मिळालेला मार्ग म्हणजे अगत्ती. कोणाचं विमान, कोणती तारीख, ते लिहीत नाही. लक्षद्वीपमध्ये छत्तीस बेटं, त्यांतली दहा वसलेली, आणि विमानतळ एकच, अगत्तीला. मोपाहून सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटर आहे. अगत्तीची तेराशे मीटरच्याही आत, आणि दोन्ही टोकांना समुद्र. मी फोटो पाहिला तेव्हा मला तो विमानतळ वाटलाच नाही, कोणीतरी बेटावर इस्त्री ठेवून विसरून गेलंय असं वाटलं.

या मार्गावर विमानाची ताकद आड येत नाही, आड येते ती उतरण्याची जागा. एवढ्या लहान पट्टीवर थांबायचं तर उतरताना विमान हलकं हवं. म्हणून आपला हिशेब उडतानाच्या वजनापेक्षा उतरतानाच्या वजनावर अडतो. आणि वाटेत जे इंधन जळत नाही ते उतरताना अंगावरच असतं. तिथे हवा बिघडली तर शेजारच्या गावात जाऊ, असंही नाही. केरळचा किनारा साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर. तिथवर जाण्याइतकं इंधन सोबत हवं. परतीचंही इथूनच न्यायचं असेल तर आणखी. म्हणजे त्या विमानात न जळणारं इंधन बसलेलं असतं, आणि ते कोणाच्या तरी जागेवर बसलेलं असतं.

काउंटरवरची मजा वेगळी. लक्षद्वीपला जायला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, तो तपासायचा. आणि बंगारमसारखा अपवाद सोडला तर तिथे दारूबंदी. गोव्याहून निघणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय ते विचारू नका. एका ग्रुपच्या बॅगेत काजू फेणीच्या चार बाटल्या होत्या, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी त्यांना सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याच्या गाडीत त्या परत गेल्या. टॅक्सीवाला तेवढा खूश होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "चार किलो गेले. लिही."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला तो दिवस. सकाळपासून पश्चिमेला ढग चढत होते. विमान पूर्ण भरलेलं नव्हतं, तरी सामान बरंच होतं: डायव्हिंग करायला निघालेला पाच जणांचा ग्रुप, प्रत्येकाची मोठी बॅग, एका रिसॉर्टचं पार्सल, आणि घरी परतणारे काही बेटावरचे लोक. बेटावरचे लोक गोव्याच्या विमानात कमी दिसतात, त्यांचं जास्त जाणं-येणं कोचीकडून, बहुतेकांचं जहाजाने. एक चाचा होते, साठीच्या आसपास. बायकोच्या उपचारासाठी मुख्य भूमीवर आले होते, परतताना मुलाकडे गोव्यात थांबले. हिंदी मोडकं बोलत होते, पण आवाज असा की काउंटरवरची मुलगी आपोआप हळू बोलायला लागली. त्यांच्याकडे एक खोकं होतं, काट्यावर १८ किलो. सुतळीने बांधलेलं, चारी बाजूंना भोकं पाडलेली. भोकं कशासाठी पाडलीत ते मला वासावरूनच कळलं. मानकुराद.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: मानकुराद हा आमचा आंबा. हापूसवाल्यांशी मी वाद घालत नाही, वेळ नसतो.

पत्रक मी केलं, ताईंनी तपासलं. उतरतानाच्या मर्यादेपर्यंत ६० किलो शिल्लक. तोल चौकटीत, जरासा मागे. एका जोडप्याला मागच्या रांगेतून पुढे बसायला सांगावं लागलं. त्यांना वाटलं आम्ही चांगली जागा दुसऱ्याला देतोय. नवरा म्हणाला, "आम्ही दोघं मिळून एकशेदहा किलो आहोत, विमान पडेल का?" मी म्हणाले, "आमच्या हिशेबात तुम्ही दीडशे आहात." ते चिडण्याऐवजी हसले आणि उठले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पेन कानावरून काढलं नाही. मला वाटतं ती शाबासकी होती.

मग वॉकीटॉकीवर आवाज. कॅप्टनना अगत्तीच्या बाजूच्या ढगांमुळे जादा इंधन हवंय, २०० किलो. अशा वेळी कोणी वाद घालत नाही. इंधन किती हवं हे वैमानिक ठरवतात, आणि त्या दोनशे किलोंवर त्या सगळ्यांचा जीव असतो. पण कागदावर गणित उलटं झालं. साठ शिल्लक होते, आता एकशेचाळीस जास्त.

पहिलं उतरलं रिसॉर्टचं पार्सल, ८० किलो. ते सोपं होतं, पार्सल रडत नाही. उरले ६०. आता बॅगा. ताई म्हणाल्या, "ग्रुपला विचार. आणि स्वतः जा, लोडरला पाठवू नकोस." मी गेटवर गेले. पाच जणांतल्या दोघांनी तोंड वाकडं करून का होईना, हो म्हटलं. त्यांचे डायव्हिंगचे जोड सगळ्यांचे सारखे होते आणि तिकडे भाड्याने मिळणार होते. २२ आणि २१. त्रेचाळीस झाले. सतरा हवे होते. बाकीच्यांत एकाच्या बॅगेत औषधं, एका बाईच्या बॅगेत बाळाचं सगळं. मी यादी खाली-वर वाचली. अठरा किलोंचं एकच होतं.

चाचांना सांगायला मी वाक्य जुळवत गेले आणि त्यांच्यासमोर पोचल्यावर ते सगळं विसरले. हिंदीत एवढंच म्हणाले, की वजन जास्त होतंय, तुमचं खोकं पुढच्या विमानाने, परवा. त्यांनी विचारलं नाही की माझंच का. त्यांनी विचारलं, परवापर्यंत टिकेल? हे मी नीट सांगू शकले. मानकुराद आमच्या परसात आहे. खोकं उघडून पाहिलं तर तीन थरांत पेंढा, वरचे आंबे पिवळे, खालचे अजून कच्चट. खालचे टिकतील, वरचे नाही टिकणार, असं मी म्हटलं. चाचांनी बायकोकडे पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती, तिने हातातली कापडी पिशवी उघडून पुढे केली.

मी थांबले. हातातल्या पिशवीला सात किलोंची मर्यादा. तिची पिशवी काट्यावर ठेवली: ४ किलो. म्हणजे तीन घेता येतील, नियमाने. पण तीन किलो पोटातून निघून केबिनमध्ये जाणार, विमान तर तेच. मी धावत ताईंकडे गेले आणि विचारलं. ताई म्हणाल्या, "कागदावर त्या किती किलोंच्या आहेत?" मी म्हटलं, पंचाहत्तर. "पिशवीसकट ना? मग?" आणि पुन्हा पत्रकात डोकं घातलं.

खरं सांगायचं तर चाची पंचेचाळीस किलोंच्याही नसतील. उपचारांनी वाळलेल्या. कागदावरचे पंचाहत्तर भरून काढायला त्यांना अजून आंब्यांची दीड-दोन खोकी लागली असती. वर्गात पुरला नव्हता तो नियम मला त्या दिवशी गेटवर पुरला. मी आणि चाचांनी मिळून वरचे पिवळे आंबे पिशवीत भरले. काटा सातवर आला. पिशवीत अजून जागा होती आणि खोक्यात एक अगदी तयार आंबा वर राहिला होता. माझा हात त्याच्यावर गेला. बाबांचा हात. मी तो परत पेंढ्यात ठेवला आणि सुतळी बांधली.

पत्रक नव्याने केलं. ८०, २२, २१, १८, एकशेएकेचाळीस उतरले. एक किलो शिल्लक. तोल पुन्हा तपासला, कारण पुढचं सामान कमी झालं की बिंदू मागे सरकतो. चौकटीतच होता, पण मागच्या रेघेच्या जवळ. मुकादम काकांनी मागच्या जागेतल्या चार बॅगा पुढे नेल्या. या वेळी ट्रॉलीवर खरोखर सरकवल्या, मी शेजारी उभी राहून मोजल्या, ओठ हलवत. कॅप्टननी कागद वाचला, तोलाच्या आकड्यावर बोट ठेवलं, सही केली. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. त्याखाली तयार करणारा म्हणून माझं नाव आणि तपासणारा म्हणून ताईंचं. दांडा काढला, चॉक काढले. डावा पंखा फिरायला लागला तेव्हा आमच्या टोप्या आम्ही हाताने धरल्या.

विमान उडताना बघायला मी थांबत नाही, पुढचं येत असतं. त्या दिवशी थांबले. मोपाची पट्टी एवढी लांब की एटीआर तिचा थोडासाच भाग वापरतं आणि वर जातं. उरलेली पट्टी तशीच पडून. ती थोडी तिकडे नेऊन देता आली असती तर, असा मूर्ख विचार आला. मी अजून विमानात बसलेले नाही, हे ताईंना त्याच दिवशी कळलं. त्यांनी पहिल्यांदाच पेन कानावरून काढून माझ्याकडे वळून पाहिलं.

संध्याकाळी घरी सांगितलं. आईला चाचीची काळजी, काय आजार होता, कोण बघतं तिला. बाबांनी वेगळंच विचारलं. "तो एक आंबा परत ठेवलास?" मी म्हटलं, सात झाले होते. ते काही बोलले नाहीत. दुकानात कोणीतरी साखर मागितली होती, ते उठून गेले आणि मी मुद्दाम ऐकत बसले. काट्याची बीप झाली, आणि त्यानंतर डब्यात पुन्हा चमचा गेल्याचा आवाज.

परवाच्या विमानाला माझी पाळी होती. आधीच्या विमानातून राहिलेलं सामान पहिल्यांदा चढवायचं असतं. दोन डायव्हिंगच्या बॅगा, रिसॉर्टचं पार्सल, खोकं. टॅगवर छापलेलं वजन १८. मी ते तसंच पत्रकात भरत होते आणि मध्येच थांबले, खोकं पुन्हा काट्यावर ठेवलं. १५. टॅगवर रेघ मारून नवा आकडा घातला आणि शेजारी सही केली. ती माझी एकटीची सही होती, त्या आठवड्यापासून मला ती करता येत होती. काकांनी खोकं उचललं, भोकाशी नाक नेलं आणि म्हणाले, "आज गेलेंच जाय हें." आज हे गेलंच पाहिजे.

मी पुढच्या जागेच्या रकान्यात १५ लिहिलं.